गेममधला बगीचा

पांढुर्ण्याला हायवेच्या कडेला एक धरमकाटा आहे. त्याच्या केबिनमध्ये मी बसते. संत्र्याचे, कापसाचे, गिट्टीचे ट्रक प्लेटवर चढतात, मी वजन घेते आणि पावती फाडून देते. बाहेरून काम एवढंच दिसतं. खरं काम संशय घेण्याचं आहे. भरल्या गाडीच्या केबिनमध्ये तिघं-चौघं मुंडी खाली घालून बसलेले असतात, आणि तीच गाडी रिकामी होऊन परत आली की ते सगळे समोरच्या टपरीवर चहा पीत उभे असतात, म्हणजे त्यांचंही वजन मालात धरलं जातं. कोणाचं मागचं चाक प्लेटच्या बाहेर अर्धं लोंबत असतं आणि ड्रायव्हर आकाशाकडे पाहत असतो. म्हणून मी खिडकीतून आधी चाकं पाहते, मग माणसं, आणि आकडा सगळ्यात शेवटी.

काट्यावर बसून मी अशी झाले असं माझ्या नवऱ्याला वाटतं. ते खरं नाही. आई होती तेव्हा म्हणायची, "इले देवानं परसाद देला तरी ही आधी हुंगून पाहीन."

तर धाकट्या भावाची गेम बाजारात आली तेव्हा मी ती मोबाइलवर घेतली, पण खेळायला नाही. तपासायला.

भाऊ पुण्यात असतो. दोन मित्रांबरोबर गेम बनवतो. ही गेम तो इतकी वर्षं बनवत होता, की माहेरी सौंसरच्या बाजारात कोणी बाबांना विचारलं, "पोरगा काय करते?" तर बाबा म्हणत, "गेम बनवून राहिला," आणि विचारणारा दुसऱ्या दिवशी चार जणांना सांगत असे, की पोरगा पुण्यात बसून गेम खेळून राहिला. बाबांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना फक्त एका गोष्टीशी मतलब होता. त्या गेममध्ये आपला बगीचा आहे, असं भावानं त्यांना सांगितलं होतं.

आमच्याकडे बगीचा म्हणजे संत्र्याचाच, दुसरा कशाचा नाही. सौंसरहून रामाकोन्याकडे जाताना रस्त्याला लागून आमची झाडं आहेत. बाबांनी लावलेली, माझ्याहून वयानं मोठी. गेली कित्येक वर्षं त्यांना डिंक्या लागला होता. खोडातून डिंक गळायचा, फांद्या वाळायच्या, फळ लिंबाएवढं यायचं. ही झाडं काढा आणि नवीन कलमं लावा, असं शेतकी खात्याच्या माणसापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी सांगून पाहिलं. बाबा ऐकत नव्हते. ऐकायचे, मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी खोडाला मलम लावत बसायचे.

मागच्या हिवाळ्यात भाऊ घरी आला, तो केसाळ टोपी घातलेला एक माइक घेऊन. बाबा जिथे जातील तिथे तो माइक पुढे धरून त्यांच्या मागे मागे. विहिरीचा आवाज, मोटरचा आवाज, वाळल्या पानांवर चपलांचा आवाज, सगळं भरून घेतलं. बगीचा तेव्हा ताणावर होता. ज्यांच्या घरी संत्रा नाही त्यांच्यासाठी सांगते. बहार हवा असेल तर झाडाचं पाणी तोडावं लागतं. झाड तहानेनं मलूल पडतं, पानं गाळतं, आता जातंय की काय असं वाटतं, आणि नेमक्या वेळी पाणी सोडलं की अंगभर फुलतं. पाणी सोडायला उशीर केला तर झाड खरंच जातं, घाई केली तर नुसती पालवी फुटते. त्या दिवसांत बाबा रोज सकाळी बगीच्यात जात, एक पान बोटात दाबून पाहत. मोटरवरचा गडी विचारायचा, "मालक, चालू करू का?" बाबा म्हणायचे, "राहू दे. आज नाही." भावानं तेही भरून घेतलं. मी उभी होते तिथे.

जाताना तो बाबांना म्हणाला, "आता खुशाल काढा झाडं. बगीचा गेममध्ये राहीन. कवा बी उघडून पाहजा."

ज्या बाबांनी सरकारी माणसाचं ऐकलं नाही त्यांनी हे ऐकलं. यंदाच्या आंबिया बहाराची फळं उतरली की जेसीबी बोलवायचा, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. बगीचा जाणार म्हणून कोणी हळहळलं तर उलट तेच त्याची समजूत काढत: "जाते कुठी? पोरानं ठेवला आहे न."

मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. भाऊ खोटारडा नाही. पण "हव", म्हणजे हो, हा त्याच्याकडचा सगळ्यात स्वस्त शब्द आहे. समोरचा माणूस खूश व्हावा म्हणून तो लहानपणापासून सगळ्याला हव म्हणतो, आणि पुढच्या वळणावर विसरतो. दिवाळीनंतर गेम आली. बगीच्यातला शेवटचा संत्रा उतरायला आला होता. बाबांना मोबाइलमधलं कळत नाही, म्हणून ते माझी वाट पाहत होते. मी म्हटलं, आधी मी पाहते. झाडं निघायच्या आत मला माल मोजायचा होता.

गेम उघडली. टोपडं घातलेलं एक बुटकं पोर, त्याला तोंड नाही, नुसते डोळे. मागे धुकं, आणि कोणीतरी दूर पेटी वाजवून रडतंय असं संगीत. शब्द एकही नाही. पोरानं डावीकडून उजवीकडे चालायचं, दगडांवरून उड्या मारायच्या, वाट अडली की डोकं चालवून मोकळी करायची. उडीचं बटण दाबलं की पोर जरा विचार करून उडी मारायचं, आणि तोवर खड्डा आलेला असायचा. मला आधी वाटलं माझं बोट चुकतंय. मग वाटलं हे मुद्दाम आहे, यात काही खूण असेल. मग लक्षात आलं, खूण वगैरे काही नाही, उडीच तशी आहे.

एका ठिकाणी जमिनीत प्लेट होती. तिच्यावर वजन ठेवलं की फाटक उघडायचं. मी खुर्चीत सरसावून बसले. म्हटलं, आता आला माझ्या पेठेत. तिथे पडलेली लाकडी पेटी ढकलत नेली आणि सवयीनं अर्धी प्लेटच्या बाहेर ठेवून पाहिली. फाटक तरीही पूर्ण उघडलं. अर्ध्या चाकाचं पूर्ण वजन. अशा काट्यापुढे आमच्या ड्रायव्हरांनी रोज नारळ फोडला असता. पुढे पुन्हा पेटी आणि पुन्हा प्लेट. त्याच्या पुढे दोन पेट्या. एवढी वर्षं लावून यानं पेट्याच ढकलल्या की काय, असं मनात आलं, आणि मी स्वतःला दटावलं, की आधी बगीचा येऊ दे.

कानात हेडफोन घालून मी बाबांचा आवाज शोधत होते. एकदा मोटरसारखी घरघर आली. मी गेम थांबवली, तरी घरघर चालूच. केबिनचा पंखा होता तो.

आणि मग झाड आलं.

एक विहीर, एक बादली, एक झाड. पलीकडे उंच भिंत. मला इतका आनंद झाला, की प्लेटवर उभ्या असलेल्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला तरी मी मान वर केली नाही. झाड संत्र्याचं वाटत नव्हतं, लाकडी चमच्यासारखं गोल होतं, पण ते मी सोडून दिलं. बादली समोर ठेवली होती आणि मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या. बादली दाखवून फसवतोस. बाबांचा पोरगा झाडाला असं सरळ पाणी घालायला सांगेल काय? मी बादलीला हात लावला नाही. पोराला झाडाखाली बसवलं आणि थांबले.

पानं मऊ पडली. मी हसले. म्हणजे याला आठवतं. दोन गाड्यांच्या पावत्या फाडून आले तोवर पानं गळायला लागली होती. मी आणखी थांबले. आता फुलेल, आता फुलेल. झाड काळं पडलं, पडदा अंधारला आणि पुन्हा तीच विहीर, तीच बादली, तेच हिरवं झाड. उशीर झाला असेल म्हणून दुसऱ्यांदा पहिलं पान गळताच पाणी घातलं. झाड नुसतं हिरवं झालं. मग थोडं आधी, मग थोडं नंतर. दुसरा दिवसही त्यातच गेला. मला खात्री होती, की एक नेमका क्षण आहे आणि तो मला सापडत नाही.

नवरा डबा घेऊन आला होता, त्यानं माझ्या हातातून मोबाइल घेतला. त्यांचं घर कापडवाल्यांचं. अंगणात तुळस आहे, तीही सासूबाई गेल्यापासून मीच जगवते. त्यानं बादली उचलली आणि पाणी घातलं, परत भरून घातलं, परत घातलं. झाड सरसर वाढून भिंतीएवढं झालं. पोर त्यावर चढून पलीकडे गेलं.

"काय केलं तुम्ही?" मी विचारलं.

"पाणी टाकलं. झाडाले पाणीच टाकतात न?"

अख्ख्या जगात त्या झाडाला पाणी न घालता बसून राहिलेली मी एकटीच असेन. फार तर आमच्या पट्ट्यातले आणखी काही जण. मला स्वतःचं हसू यायला हवं होतं, पण आला तो राग. पुढची गेम मी भराभर संपवली. पुन्हा पेट्या, पुन्हा प्लेटा. शेवटी ते पोर समुद्राच्या काठावर जाऊन बसलं आणि दिव्याच्या मनोऱ्याकडे पाहू लागलं. आमच्या घरात समुद्र कोणाचा? बाबांनी नर्मदेहून मोठं पाणी पाहिलेलं नाही. मग नावं आली. खालून वर सरकणारी नावं मी पावतीसारखी वाचली. आभार घरच्या मंडळींचे होते. बगीच्याचे नव्हते.

इथवर मला एक भीती होती, की त्यानं आमची थट्टा केली असेल. बाबांना एखादा चक्रम म्हातारा केलं असेल, मला पहारेकरीण. तसं काही सापडलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. इथे आम्ही नव्हतोच. त्याचं जास्त लागलं.

मी भावाला फोन लावला.

"खेळली का ताई? कशी वाटली?"

"बगीचा कुठी आहे?"

तो म्हणाला, "होता. पूर्ण एक लेव्हल होती."

"मंग?"

"झाडाले पाणी द्यायचंच नाही. रोज सकाळ व्हायची अन् बाबाचा आवाज यायचा, 'आज नाही.' एका सकाळी आवाज यायचा नाही. तवाच पाणी द्यायचं, का झाड फुलून जाये."

सांगत होता ते इतकं छान होतं, की माझा संशय आणखी वाढला. "काढला काहून?"

"ज्यायले ज्यायले खेळायले देली ते सारे अटकले, ताई. कोणी थांबेच ना. पाणी टाकत सुटायचे अन् म्हणायचे गेम बिघडली आहे. मंग गेम बाजारात आणणाऱ्यायनं सांगितलं, झाड ठेवा, थांबणं काढा."

ज्या ड्रायव्हरकडे मी मागायच्या आधीच सगळे कागद तयार असतात, त्याची गाडी मी दोनदा पाहते. "ते जुनं आहे न तुझ्यापाशी? पाठव मले."

"हव. पाठवतो."

आलं ते हव. मी म्हटलं, "झाडं निघून राहिली आहेत. बाबा साऱ्यायले सांगत फिरून राहिले, का पोरानं बगीचा ठेवला."

"बाबाले सध्या नको सांगू," तो म्हणाला. "नाही तर पुन्हा अडून बसतीन. झाडं तशी बी गेलीच आहेत, तुले माईत आहे."

माहीत होतं. तो बरोबर बोलत होता, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

सौंसरच्या बसमध्ये मी ठरवलं, की बाबांना ते झाड दाखवायचं. भराभर पाणी घालायचं, झाड वाढलं की म्हणायचं, हा पाहा तुमचा बगीचा. आयुष्यभर दुसऱ्यांची चाकं पाहिली, आता माझंच चाक प्लेटच्या बाहेर होतं.

बाबा मोटरच्या खोलीपाशी खाटेवर बसले होते. झाडं रिकामी झाली होती. जेसीबीवाला फक्त निरोपाची वाट पाहत होता. बाबांनी हात धुतले, धोतराला पुसले, चष्मा लावला. मी ते झाड उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला.

"हे झाड कायचं?"

"संत्र्याचं."

"गोल आहे."

"गेममध्ये असंच असते, बाबा. हे दाबलं का बादली उचलते. टाका पाणी."

बाबांनी बादली उचलली आणि खाली ठेवून दिली. मग खाली उतरून खाटेच्या पायाला पाठ टेकून बसले.

"टाका न पाणी."

"गप राह्य. आता कुठी पान मऊ पडून राहिलं."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते माझ्या चेहऱ्यावर केबिनमध्ये होतं. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. झाड काळं पडलं. "पुन्हा लाव," ते म्हणाले. पुन्हा लावलं. पुन्हा काळं पडलं. तिसऱ्यांदा त्यांनी पाणी घातलं, पुन्हा घातलं, आणि झाड भिंतीएवढं होताना पाहिलं.

"बाभूळ बी असं वाढत नाही," म्हणत त्यांनी मोबाइल मला परत दिला. "हे त्याचं नाही."

"त्याचंच आहे बाबा. नाव आहे त्याचं."

"नाव असन. हे झाड कोण्या दुसऱ्यानं घुसवलं. त्याचं काढलं अन् आपलं टाकलं. माह्या मागं मागं एवढा फिरला तो. त्याले ताण माईत नाही का?"

मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. भावाचं फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर गेलेलं नव्हतं. माझा स्वभाव कोणाकडून आला ते मला त्या दिवशी कळलं. फक्त बाबांचा संशय सगळ्या जगावर होता आणि एका माणसाला वगळून होता. माझ्या संशयातून कोणीच सुटलेलं नव्हतं. मला लाज वाटली.

"फोन लाव त्याले," बाबा म्हणाले.

मी लावला, आवाज मोठा केला. तो घाबरून काहीतरी हव-हव करेल आणि सगळं उघडं पडेल असं वाटत होतं. पण बाबांनी गेमचं नावच काढलं नाही.

"एक सांग मले. ताण कवा तोडायचा?"

पलीकडून पुण्याच्या गाड्यांचे आवाज आले. मग तो बोलला. "दुपारी पान मऊ पडते, ते पडू द्यायचं. सकाळी जाऊन पाहायचं. सकाळी सावरलं असन तर आज नाही. सकाळी बी मऊच राहिलं, का मोटर चालू."

"पान कुठलं पाहायचं?"

"आतल्या फांदीचं. बाहेरचं पान खोटं सांगते."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी बाबांना पान दाबताना पाहिलं, पण कुठलं पान ते कधी पाहिलं नव्हतं.

"बरं," बाबा म्हणाले. "जेवला का? जेवून घे." आणि त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला. "जेसीबीवाल्याले सांग, सकाळी ये म्हणा."

मी त्या दिवशी मुक्कामाला राहिले. सकाळी जेसीबी आला आणि पहिल्या ओळीपाशी उभा राहिला. बाबा आधीच तिथे होते. सवयीनं त्यांचा हात झाडाच्या आत गेला होता आणि एक पान बोटात होतं. ड्रायव्हरनं वरून विचारलं, "चालू करू का?"

"राहू दे," बाबा म्हणाले. "आज नाही."

ड्रायव्हर माझ्याकडे पाहू लागला. बाबांनी पान सोडलं, हात बाहेर काढला. "नाही, नाही," ते म्हणाले. "कर चालू."

दुपारपर्यंत रस्त्यावरून थेट विहीर दिसायला लागली. आता त्या जागेत नवी कलमं आहेत, त्यांना ताण द्यायला अजून वर्षं आहेत. जुनी लेव्हल भावानं अजून पाठवलेली नाही. ती होती की नव्हती ते मला आजही सांगता येणार नाही, आणि मी मागायचंही सोडून दिलं आहे. झाडं निघाली त्या संध्याकाळी पांढुर्ण्याला परतल्यावर मी त्याला फोन करून एवढंच म्हटलं, की गेमचं राहू दे, बाबांचा तो आवाज तेवढा जपून ठेव.

"हव," तो म्हणाला.

या वेळी मी पुढे काही विचारलं नाही.